जांबोटीच्या वाटेवरची वारुळं

बेळगावहून चोर्ल्याकडं जाणारा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. पिरनवाडी सुटली, किणये मागं पडलं, की दोन्ही बाजूंना भाताची शेतं लागतात. कुसमळीला मलप्रभा ओलांडली की हवेत गारवा जाणवतो आणि जांबोटीनंतर जंगल अगदी रस्त्यापर्यंत येऊन थांबतं. कणकुंबीच्या माउलीला जाणारे, पावसाळ्यात चिखल्याचा धबधबा बघायला निघालेले, गोव्याला पाहुण्यांकडं जाणारे, सगळ्यांची वाट एकच. गाडीतून धुकं दिसतं, ऐनाची उंच झाडं दिसतात, एखादं माकड दिसलं तर पोरं ओरडतात. रस्त्याकडेची वारुळं मात्र सहसा कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

ती आहेत भरपूर. जांभ्या मातीच्या रंगाची, काही गुडघ्याएवढी, काही पुरुषभर उंच. लांबून बघितलं तर एखाद्या लहान देवळाचं शिखर जमिनीतून वर आल्यासारखं वाटतं. बाजूंनी उभ्या कडा, मध्ये खोलगट पन्हळी, वर निमुळती टोकं. एखाद्यावर हळदकुंकू दिसतं, पायथ्याशी फुटकी पणती किंवा हिरव्या बांगड्या असतात.

आपल्या भागात या एका वस्तूला तीन नावं आहेत. मराठीत वारूळ, कन्नडात हुत्त, आणि घाट उतरून गोव्यात गेलं की रोयण. तिन्हीकडं ते पूज्य. गोव्यात नि कोकणात सातेरीदेवीची पूजा वारुळाच्या रूपात होते. आपल्याकडं पंचमीला मराठी घरातल्या बायका लाह्या-दूध घेऊन वारुळाला जातात, तर कन्नड घरांत ‘हालु एरियोदु’ झाल्याशिवाय पंचमीची उंडी तोंडात पडत नाही. रामायणकर्त्या ऋषींचं वाल्मीकी हे नावसुद्धा वल्मीक म्हणजे वारूळ यावरूनच आलेलं. पण या सगळ्या पूजेत मान मिळतो तो नागाला. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण रोज वापरतो, पण ते बीळ आयतं करून कुणी ठेवलं, हे विचारत नाही. ते केलं वाळवीनं, कन्नडातल्या गेद्दलानं. आणि वाळवी म्हटलं की आपल्याला आठवतं ते पोखरलेलं कपाट नि चाळणी झालेली जुनी वही. एकाच जिवाचं घर आपण पुजतो आणि त्या जिवावर मात्र औषध फवारतो.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण घरगुती आहे. जांबोटीच्या पुढं आतल्या बाजूला माझ्या आत्याचं गाव आहे. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या आत्तेभावानं, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी शेताच्या वरच्या अंगाला नवीन घर बांधायचं ठरवलं. दोन खोल्या आपल्याला आणि दोन येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना, असा त्याचा बेत. हल्ली त्या भागात असं बरेचजण करतात आणि त्यात गैर काही नाही. भातावर घर चालत नाही हे तोच आम्हांला पटवून देतो. जागा उत्तम होती, समोर दरी दिसायची. अडचण एकच. घराच्या जोत्याच्या बरोबर मध्ये वारूळ येत होतं. जेसीबीवाल्याला इसारही देऊन झाला होता. आत्याचा जीव मात्र खालीवर होत होता. तिनं माझ्या आईला फोन केला, “वैनी, एकदा येऊन जावा. मला काय सुचेनासं झालंय.”

आईचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी भीती वाटली आणि राग आला की तिच्या तोंडून कन्नडच येतं. तिनं फोनवरच सांगून टाकलं, “वन्सं, अल्लि हुत्त ऐति, मुट्टब्याड अंत हेळ्री अवंगं.” मी मराठी शिकवते. देवाच्या भीतीपलीकडं माझ्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना बरोबर घेतलं. एका रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

वारूळ बघून सर खूश झाले. त्यांनी आधी त्याभोवती दोन चकरा मारल्या. आत्याला वाटलं प्रदक्षिणाच घालतायत. मग म्हणाले, “नांदतं आहे. याला एकही भोक नाही.” या जातीचं जितं वारूळ बाहेरून पूर्ण बंद असतं, कुठं तडा गेला तर वाळवी रातोरात लिंपून टाकते. मोठी उघडी भोकं दिसली तर ते बहुतेक ओसाड पडलेलं असतं, आणि नागोबा येतो तो अशाच घरात.

त्याच शेताच्या टोकाला, जंगलाला लागून, दुसरं एक वारूळ होतं. ते अस्वलानं आदल्या एक-दोन दिवसांत उकरलं होतं. भीमगडच्या या पट्ट्यात अस्वलं बरीच. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी तोंडात ओढून घेतं, अगदी नळीनं ओढल्यासारखं. त्या ढासळलेल्या भागातून सरांनी हाताएवढा एक तुकडा उचलून आमच्यासमोर धरला. करड्या-पिवळ्या रंगाचा, वजनाला हलका, अक्रोडाच्या गरासारख्या घड्या असलेला. घड्यांवर राजगिऱ्याएवढे पांढरे मणी. “ही यांची शेती,” सर म्हणाले. “आणि हेच यांचं पोटही.”

शेती कळली, पोट कळलं नाही. मग बांधावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

किड्याचं पोट म्हणजे तोंडापासून मागच्या टोकापर्यंत गेलेली एक नळी. तिचे तीन भाग. पहिल्या भागात अन्न साठतं, झुरळासारख्या किड्यांत तिथं दात असलेली पेषणीही असते, म्हणजे आपलं जातंच. मधल्या भागात पाचकरस मिसळतात आणि अन्न अंगी लागतं. शेवटच्या भागात पाणी शोषलं जातं आणि उरलेलं बाहेर पडतं. टोळ पानं खातो, नाकतोडा गवत खातो, त्यांचं काम या सरळ नळीत भागतं. पानातला रस, साखर, प्रथिनं घेतली, चोथा टाकून दिला. अन्न नळीत फार वेळ थांबत नाही, त्यामुळं गॅस होण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

प्रश्न येतो तो चोथाच खाऊन जगायचं असेल तेव्हा. लाकूड, वाळकं गवत, पालापाचोळा, कागद, सुती कापड या सगळ्यांत मुख्य असतं ते सेल्युलोज. ती खरं तर साखरेचीच लांबलचक साखळी आहे, पण इतकी घट्ट विणलेली की आपल्या पोटाला ती सुटत नाही. गाईलाही एकटीला सुटत नाही. तिच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात, ते चारा आंबवतात आणि मग गाय जेवते. काही किड्यांनी हाच उपाय केला आहे. त्यांच्या नळीचा शेवटचा भाग फुगून आंबवणाची कोठी झालेला असतो. आपल्या चिकोडी-हुक्केरी भागातल्या उसवाल्यांना हुमणी सांगायला नको. कन्नडात तिला गोण्णे हुळ म्हणतात. तिचं मागचं टोक फुगीर आणि काळपट दिसतं ना, तीच ती कोठी.

आंबलं की गॅस आला. पिठाला येतो, गोबरगॅसच्या टाकीला येतो, तसा या कोठीलाही येतो. आंबवताना हायड्रोजन सुटतो. तो साठला तर आंबवणाचं काम मंदावतं, म्हणून तो वापरणारे दुसरे सूक्ष्मजीव तिथं असावे लागतात. त्यांचे दोन गट. एक गट हायड्रोजनपासून मिथेन करतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तो हाच. दुसरा गट त्यापासून व्हिनेगरमधलं आम्ल करतो, ते किड्याच्या अंगी लागतं. म्हणजे गॅस झाला तेवढं अन्न हातचं गेलं, आणि आम्ल झालं तेवढं पदरात पडलं. लाकूड खाणाऱ्या वाळवीत दुसऱ्या गटाचं वर्चस्व असतं. माती खाणाऱ्या आणि बुरशी पिकवणाऱ्या जातींमध्ये मिथेन जास्त निघतो.

इतका वेळ आई गप्प ऐकत होती. आता तिला राहवेना. “इष्ट सण्ण हुळक्क ग्यासू?” सर हसले, म्हणाले, “हौदु अम्मा.” त्यावर आईचा सल्ला तयार होता, “हंगारं ओमकाळु कोडबेकु अदक्क.”

गॅस सगळ्याच किड्यांना होतो असं नाही. १९९४ साली हॅकस्टाइन आणि स्टुम या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी किडे, गोमी, कोळी अशा शंभराहून अधिक जाती तपासल्या. मिथेन सापडला तो वाळवीत, झुरळात, हुमणी ज्यांची अळी आहे त्या भुंगेऱ्यांच्या कुळात, आणि किडा नसलेल्या पैशाच्या वर्गात, म्हणजे पावसाळ्यात हात लावला की वेटोळं करून बसतो त्या प्राण्यात. बाकीच्यांत नाही. यादीत झुरळ आणि वाळवी शेजारी आहेत हे नवल नाही. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण ती मुंगीची कुणी लागत नाही. ती झुरळाच्याच घराण्यातली.

आता शेती आणि पोट एक कसं? घरातल्या लाकडातच मुक्काम ठोकणारी जी वाळवी असते, जिच्या कपाटाखाली खसखशीसारखे दाणे पडलेले दिसतात, तिच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय जीव राहतात. कात टाकताना आतड्याचं अस्तरही निघून जातं आणि त्याबरोबर हे जीवही जातात. मग घरातल्या दुसऱ्या वाळवीकडून ते परत घ्यावे लागतात. तेही मागच्या बाजूनं, किळस न करता. एकटी पडलेली वाळवी पोटभर लाकूड खाऊनही उपाशी मरेल.

आत्याच्या शेतातल्या वाळवीपाशी ते एकपेशीय जीव नाहीत. तिनं पोटातलं काम पोटाबाहेर काढलं आहे. म्हाताऱ्या कामकरी बाहेरून पाचोळा, काटक्या, गवत आणतात. तरुण कामकरी ते खातात, पण ते त्यांच्या पोटातून जवळजवळ तसंच पुढं जातं, फक्त त्यात बुरशीची बीजं मिसळतात. त्या विष्ठेचे थर रचून तो घड्यांचा पोळ्यासारखा तुकडा तयार होतो. त्यावर बुरशी वाढते आणि लाकडातला सगळ्यांत चिवट भाग, लिग्निन, तो ती मोडून काढते. पांढरे मणी धाकट्यांच्या वाट्याला. काही आठवड्यांनी तो जुना तुकडा म्हाताऱ्या कामकरी खातात, आणि आता तो त्यांना पचतो. एक जेवण दोनदा पोटातून जातं, मधल्या काळात बागेत मुरतं. शास्त्रज्ञ या बुरशीला टर्मिटोमायसीस म्हणतात. पावसाळ्यात वारुळावर आणि आजूबाजूला उगवणारी, छत्रीच्या मधोमध टोक असलेली अळंबी, गोव्यातली रोयणीची अळमी, ही याच बागेतली. ती माणसाला सहजी पिकवता येत नाही, म्हणून तर बाजारात तिला तो भाव.

आत्तेभाऊ ऐकत होता, पण तोही तयारीत होता. त्यानं मोबाइल काढला. “ताई, हे बघ. वाळवीच्या गॅसनं पृथ्वी तापायलीय म्हणे. तुम्हीच पर्यावरण-पर्यावरण करता. मग पाडलेलं बरंच की.”

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. १९८२ साली झिमरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात अंदाज मांडला होता की जगभरची वाळवी मिळून वर्षाला १५ कोटी टन मिथेन सोडत असावी. त्या बातमीनं मोठी खळबळ माजली होती. पुढं अनेक ठिकाणी मोजमापं झाली आणि आकडा खाली आला. आज धरला जातो तो अंदाज वर्षाला सुमारे ९० लाख टनांचा. सगळ्या जगाचा मिथेन सुमारे ५८ कोटी टन, त्यात वाळवीचा वाटा शंभरात एक-दोन. गुरंढोरं, भातशेती, कचऱ्याचे डोंगर, तेल-कोळशाच्या खाणी यांचा वाटा याच्या कितीतरी पट. शिवाय २०१८ साली उत्तर ऑस्ट्रेलियातल्या वारुळांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की वाळवीनं सोडलेल्या मिथेनपैकी सरासरी निम्मा बाहेर पडतच नाही. वारुळाच्या भिंतीत आणि खालच्या मातीत मिथेन खाणारे सूक्ष्मजीव असतात, ते तो वाटेतच संपवतात.

“म्हणजे गॅस करणारं पोट आतच,” सर म्हणाले, “आणि तो गिळणारी भिंतही तीच. तुम्ही पाडणार ती भिंत. राणी बहुतेक जमिनीच्या पातळीला किंवा त्याखाली असते. ती राहिली तर वाळवी राहणारच. चार-सहा महिन्यांत वारूळ पुन्हा डोकं वर काढील, कदाचित तुमच्या हॉलमध्ये.”

मग त्यांनी या बंद घरात वारा कसा खेळतो तेही सांगितलं. आत लाखो जीव, वर बुरशीची बाग, सगळ्यांचा श्वास कोंडायला हवा. याच जातीच्या वारुळांवर आपल्या बेंगळुरात काम झालं आहे, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. दिवसा उन्हानं बाहेरच्या उभ्या कडा तापतात, त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री कडा आधी निवतात, तेव्हा हवा उलटी फिरते. दुषित हवा भिंतीच्या बारीक छिद्रांतून झिरपून जाते. पंखा नाही, खिडकी नाही, दिवस आणि रात्र यांच्या तापमानातल्या फरकावर सगळं चालतं. बाहेरून शोभेच्या वाटणाऱ्या त्या पन्हळी आणि कडा म्हणजे वारुळाची फुप्फुसं.

आत्या इतका वेळ उन्हाला हात आडवा धरून वारुळाकडं बघत होती. तिनं शास्त्राचं काही विचारलं नाही. तिनं मुलाला विचारलं, “जोतं पंधरा पावलं खाली सरकवलं तर दरी दिसंल का न्हाई?” तो म्हणाला, “दिसंल, पण गाडी वळायला जागा राहात न्हाई.” त्यावरून मायलेकांत बरीच बाचाबाची झाली. इसाराचे पैसे, कर्जाचा हप्ता, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं निघालं. यात त्याचीही बाजू होती. कर्ज त्याच्या नावावर, वारूळ त्याच्या नाही. शेवटी मावळतीच्या बाजूचा बांध थोडा फोडून गाडीची वाट तिकडून न्यायची, असं ठरलं. त्याला खर्च वाढला. तो भरायला आईनं आणि मी हातभार लावला, कारण नुसता उपदेश करून परत येणं बरं दिसलं नसतं.

सरांनी त्याला खोटी आशाही दाखवली नाही. वाळवी जमिनीखालून लांबवर जाते, तेव्हा वारूळ राहो की जावो, घरातल्या लाकडाची काळजी घ्यावीच लागणार. चौकटी जमिनीला टेकू द्यायच्या नाहीत, जोतं दगडाचं आणि उंच ठेवायचं, बांधकामाच्या फळ्या-खुंट्या जोत्यात गाडून सोडायच्या नाहीत, भिंतीवर मातीची बारीक रेघ चढताना दिसली की लगेच खरवडून बघायचं. जोतं बांधताना वाळवीचं औषध जिथं लागेल तिथं द्यायचं, जंगलभर ओतायचं नाही. आत्तेभावानं हे सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

जंगलातला पाचोळा, पडलेली फांदी, वठलेला ऐन यांचं पुढं काय होतं याचा आपण विचार करत नाही. ते कुणीतरी पचवतं म्हणून माती होते, त्या मातीत पुन्हा झाड उभं राहतं, आणि त्या झाडांच्या मुळांशी मलप्रभेचं आणि म्हादईचं पाणी धरून राहतं. हे पचवणं कुणा एकाला जमत नाही. वाळवीला बुरशी लागते, बुरशीला वाळवी, दोघांना आतड्यातले आणि भिंतीतले सूक्ष्मजीव. थोडा गॅस होतो, तोही घरातल्या घरात बराचसा जिरवला जातो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आता प्लॉट पडताहेत, काजूच्या नव्या बागा होताहेत. प्रत्येक ठिकाणी जेसीबीचा पहिला घाव वारुळावर बसतो, कारण ते मध्ये येतं. सगळीच वाचतील असं नाही. पण पंधरा पावलं सरकण्याजोगी जागा पुष्कळदा असते, ती कुणी मोजून बघत नाही इतकंच.

यंदा पंचमीला वारुळाला जाल तेव्हा दूध पायथ्याशी वाटीत ठेवा, भोक पाडून आत ओतू नका. ती बाग आहे, भिजली की कुजते. पावसाळ्यात अळंबी काढाल तेव्हा सगळी ओरबाडू नका, काही छत्र्या उमलू द्या, त्यांतूनच पुढची बीजं पडतात. ओळख पक्की नसेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ तर अजिबात नका. आणि चोर्ल्याला जाताना जांबोटीच्या पुढं कुठंतरी दहा मिनिटं गाडी थांबवा. पोरांना खाली उतरवा, वारुळाला भोक आहे का ते शोधायला सांगा. सापडलं नाही, तर आत घर नांदतं आहे.